आवाज फक्त बुधवारी जातो

नोएलीनला खोटं बोलता येत नव्हतं अशातला भाग नाही. एकाहत्तर वर्षांच्या बाईला तेवढं येतंच. शेजारणीचा केक दगडासारखा झाला तरी "काय मऊ झालाय गं" म्हणता येतं, नवऱ्याच्या नव्या टोपीला तोंड वाकडं न करता बरं म्हणता येतं. पण ज्या गोष्टीतलं आपल्याला ओ की ठो कळत नाही, तिच्याबद्दल खोटं बोलायचं म्हणजे महाकर्मकठीण. आणि नोएलीनला तर दर बुधवारी कॉम्प्युटरबद्दल खोटं बोलायचं होतं. तेही केल्विनशी, ज्याची चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बिघाड शोधण्यातच गेली होती.

केल्विन तिचा धाकटा भाऊ, अडुसष्टचा. त्याची बायको कोरल गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये गेली आणि केल्विन जो घरात शिरला तो शिरलाच. बोलिंग क्लब सुटला, मासेमारी सुटली. फोन केला की "मी ठीक आहे, नोल" एवढंच म्हणून ठेवून द्यायचा. टोस्टवर डब्यातल्या बीन्स ओतून खायचा, हे दुकानातल्या पोरीकडून कळायचं, कारण विनयार्डसारख्या लहान गावात कोण काय विकत घेतो हे सगळ्यांना माहीत असतं. दोघांच्या घरांमध्ये अंतर चार गल्ल्यांचं. पण सहा महिन्यांत तो बहिणीकडे एकदाही फिरकला नव्हता.

मग सप्टेंबरात एका सकाळी दारावर थाप पडली. बघते तर केल्विन! दाढी वाढलेली, स्वेटर उलटा, हातात एवढासा पेनड्राइव्ह. ना राम राम, ना श्याम श्याम.

"नोल, तुझा कॉम्प्युटर ऑक्टोबरात मोडीत काढणार आहेत."

"कोण काढणार? मी तर कुणाला बोलावलं नाही."

"अगं, त्याचे अपडेट बंद होतायत. मग म्हणतील, नवा घ्या. चांगला धडधाकट कॉम्प्युटर, आणि कचऱ्यात टाकायचा? आतली जुनी प्रणाली काढून लिनक्स घालू. फुकट आहे. कुणाच्या बापाची मालकी नाही त्यावर. जगभरची माणसं मिळून बनवतात."

नोएलीनचा नवरा डेस पेपरमागून म्हणाला, "फुकट आहे तर त्यात गोम काय?"

"गोम नाहीच."

"गोम नाही असं कुठे असतं काय? गेल्या वेळी फुकट म्हणून जिमचं कार्ड घेतलं होतं."

केल्विन पुढे दीड तास बोलला. नोएलीनच्या डोक्यावरून सगळं गेलं. पेनड्राइव्हवर पेंग्विनचं चित्र होतं, त्यामुळे डेसला वाटलं की हे पलीकडच्या पेंग्विन गावच्या नगरपालिकेने काढलेलं काहीतरी आहे. पण बोलता बोलता केल्विनने चहाबरोबर तीन स्कोन खाल्ले. हात हलवून बोलला. एकदा तर चक्क हसला. लिनक्स म्हणजे खाण्याची वस्तू की नेसण्याची हे नोएलीनला ठाऊक नव्हतं, पण भाऊ सहा महिन्यांनी घराबाहेर पडलाय हे कळायला कॉम्प्युटर लागत नाही. ती म्हणाली, "घाल."

खरं सांगायचं तर तो कॉम्प्युटर मागच्या खोलीत इस्त्रीच्या कपड्यांखाली पडून होता. बँक, नातवंडांचे फोटो, मैत्रिणींचे निरोप, सगळं ती टॅबलेटवर करायची. त्या कॉम्प्युटरवर केल्विनने लिनक्स घातलं काय किंवा सिमेंट ओतलं काय, तिला दोन्ही सारखंच.

दुपारपर्यंत काम झालं. केल्विन हात झटकून उठला. "बघ, कसा पळतोय! आता तुला माझी गरजच पडणार नाही."

त्याने हे कौतुकाने म्हटलं, पण नोएलीनने ऐकलं ते वेगळंच. म्हणजे हा आता परत जाणार, दार लावून घेणार आणि बीन्स खात बसणार! पुढच्या मंगळवारी तिने फोन लावला आणि तोंडाला आलं ते बोलली. "केल्विन, आवाज येत नाही रे त्यातून."

बुधवारी अकराला तो हजर. बटण दाबलं, गाणं लावलं, आवाज खणखणीत.

"येतोय की."

"आत्ता येतोय. काल नव्हता."

केल्विनच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण चांगल्या आठ्या, काम सापडलेल्या माणसाच्या. साडेबारापर्यंत तो आत खुडबुड करत बसला. तोवर ओव्हनमध्ये मटण भाजून झालं होतं, बटाटे झाले होते, मग काय, जेवूनच गेला. पुढच्या बुधवारी पुन्हा आवाज गेला. डेस म्हणायचा, "तुझा भाऊ येतो कॉम्प्युटर दुरुस्त करायला आणि जातो मटण दुरुस्त करून." पण तोही बुधवारी कुठे जायचा नाही, आणि केल्विनच्या ताटात मोठा तुकडा तोच वाढायचा.

एक दिवस माणूस बाहेर पडतो तर दोन का नाही, तीन का नाही? नोएलीन बोलिंग क्लबात केल्विनच्या जुन्या मित्राला, मर्व्हला गाठून म्हणाली, "केल्विनकडून लिनक्स घालून घे."

"का म्हणून? माझं झकास चाललंय!"

"मर्व्ह, तुझं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा तीन आठवडे तुझं कुत्रं कुणी फिरवलं? कोरलने. घाल लिनक्स."

मर्व्हने घातलं. मग जुन्या कपड्यांचं धर्मादाय दुकान चालवणाऱ्या ऱ्होंडाने घातलं. केल्विनला वाटलं, आपण गाव जिंकलं. तो दाढी करू लागला. सोमवारी ऱ्होंडा, बुधवारी बहीण, गुरुवारी मर्व्ह असा त्याचा आठवडा भरला. नोएलीनने दोघांना चिठ्ठ्या लिहून दिल्या होत्या: मर्व्हने म्हणायचं प्रिंटर चालत नाही, ऱ्होंडाने म्हणायचं पडदा अंधारतो. आपण काय लिहितोय हे लिहिणारीलाही कळत नव्हतं, पण काही महिने गाडं चाललं.

एप्रिलमध्ये माशी शिंकली. मर्व्हने चिठ्ठी पँटसकट धुवायला टाकली आणि ऐन वेळी काही सुचेना म्हणून म्हणाला, "आवाज जातो." ऱ्होंडाला केल्विन रस्त्यात भेटला, त्याने सहज विचारलं, सध्या काय बिघडलंय, तीही गडबडली. "तो... आवाज."

त्या बुधवारी केल्विन अकराला नाही, साडेदहालाच आला. डोळे लकलकत होते.

"नोल, तुझी काही चूक नाही! तिघांचा आवाज जातो. तीन वेगळे कॉम्प्युटर, तीन वेगळ्या कंपन्या, आणि बिघाड एकच! म्हणजे मूळ आत आहे, लिनक्समध्येच. मी नोंदवलाय."

"कुठे नोंदवलास?"

"जिथे नोंदवतात तिथे. इंटरनेटवर त्यांचं पान असतं, बिघाड सापडला की तिथे लिहायचा. जगात कुणीही वाचतं आणि कामाला लागतं."

नोएलीनला नगरपालिकेत खड्ड्याची तक्रार करतात तसं काहीतरी वाटलं. "मग ते माणूस पाठवतात?"

"माणूस कशाला पाठवतील? घरी बसून शोधतात. पोर्तुगालचा एक जण मागे लागलाय, तियागो नावाचा. शनिवार-रविवार दोन्ही दिवस बसला होता म्हणे."

"पैसे किती घेतो?"

"पैसे? एक छदाम नाही."

"मग का करतो?"

केल्विनला प्रश्नच कळला नाही. "का म्हणजे? बिघाड आहे ना."

नोएलीनने बटाटे वाढले, पण स्वतःला घ्यायला विसरली. पोर्तुगालातला कुणी बापडा, त्याला बायको असेल, पोरं असतील, तो आपला रविवार घालवून तिचा आवाज शोधत होता. जो कधी गेलाच नव्हता! मटणाच्या जेवणापायी मारलेली थाप समुद्र ओलांडून गेली कशी, हेच तिला उमगेना.

"सांगून टाक," डेस म्हणाला.

"सांगितलं तर तो यायचा बंद होईल."

"नाही सांगितलंस तर पोर्तुगालचा येईल."

तिने दुसरी युक्ती केली. पुढच्या बुधवारी म्हणाली, "केल्विन, आवाज आता जात नाही बरं का. बरा झाला." तिला वाटलं, मिटलं. तर केल्विन खुर्चीतून उठलाच! "आपोआप बरा झाला? कधी? कुठल्या अपडेटनंतर? अगं, हे तर फार महत्त्वाचं आहे!" त्याने तिथल्या तिथे ते जगाला कळवलं. ब्राझीलचा एक विद्यार्थी आणि फिनलंडची एक बाई, अशी आणखी दोन माणसं कामाला लागली. आगीतून फुफाट्यात पडणं म्हणतात ते हेच. बरं झालं म्हणावं तर पंचाईत, बिघडलं म्हणावं तर पंचाईत.

आणि त्यात केल्विन इतका सुखी दिसत होता की बघवत नव्हतं. "ते मला 'मिस्टर केल्विन' म्हणतात," त्याने एकदा जेवताना सांगितलं आणि लाजला. "तियागो म्हणाला, इतक्या व्यवस्थित तक्रार लिहिणारी माणसं कमी असतात." नोएलीन उठून उगाच ग्रेव्ही गरम करायला गेली.

मेच्या पहिल्या बुधवारी त्याने तिच्या कॉम्प्युटरमधून काहीतरी पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं.

"काय घेतलंस रे?"

"आतली नोंदवही. तियागोने मागितलीय. कॉम्प्युटर सगळं लिहून ठेवतो ना, कधी चालू झाला, कधी बंद झाला, कुठला आवाज किती वाजता वाजला."

"सगळं?"

"मिनिटामिनिटाचं."

तिची पाचावर धारण बसली. आता सांगावं, आत्ताच सांगावं, असं तीनदा ओठावर आलं. तिसऱ्यांदा तोंड उघडलं तेव्हा निघालं काय, तर "पुडिंग घेणार?" तो घेणार होता. नोंदवहीही घेऊन गेला.

पुढच्या बुधवारी अकरा वाजले, केल्विन नाही. साडेअकरा वाजले, नाही. ओव्हनमधलं मटण तिने दोनदा बाहेर काढून दोनदा आत ठेवलं. पावणेबाराला तो आला. हातात नेहमीची अवजारांची पिशवी नव्हती, घडी घातलेला एक कागद होता. कोट न काढता तो स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसला. डेसने पेपर खाली ठेवला.

"तियागोचं उत्तर आलंय. वाचतो," केल्विन म्हणाला, आणि कागद लांब धरून वाचू लागला. "'मिस्टर केल्विन, आम्ही तिघांनी नोंदवही पूर्ण तपासली. हा कॉम्प्युटर सप्टेंबरपासून फक्त बुधवारी चालू होतो, पावणेअकराच्या सुमारास, आणि दीडच्या आत बंद होतो. एरवी त्याला कुणी हात लावत नाही. आवाज एकदाही गेलेला नाही. कदाचित आम्हाला काही समजत नसेल. हा कॉम्प्युटर नक्की कोण वापरतं?'"

बाहेर शेजाऱ्याचं गवत कापायचं यंत्र सुरू झालं आणि बंद पडलं.

"मलाही समजत नाहीये, नोल," केल्विन म्हणाला. "रात्रंदिवस तेच चाललंय डोक्यात. कोण वापरतं?"

"कुणी नाही," नोएलीन म्हणाली.

"आवाज?"

"कधीच गेला नव्हता रे."

"मर्व्हचा?"

"नाही. ऱ्होंडाचाही नाही. मीच सांगितलं होतं त्यांना." आणि मग बांध फुटला. "तू घराबाहेर पडत नव्हतास! जेवत नव्हतास! तू आलास, तीन स्कोन खाल्लेस, मला दुसरं काय सुचणार होतं? मला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही, केल्विन. अजूनही कळत नाही. मला एवढंच कळत होतं की बिघडलं की तू येतोस."

केल्विनने कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. त्याच्या मानेवर लाल चट्टा चढला होता, लहानपणी रडायच्या आधी चढायचा तसा. "म्हणजे सगळं गाव मला खेळवत होतं. मला वाटलं, एक गोष्ट तरी मी लोकांच्या गळी उतरवली. कुणाच्या तरी उपयोगी पडलो. आणि ती माणसं, नोल! पाच रविवार! त्यांच्यापुढे मी खोटा पडलो."

"तू नाही, मी खोटी पडले. मी सांगते त्यांना."

"कसं सांगणार? तुला तो चालूसुद्धा—"

"चालू करता येतो. पस्तीस बुधवार केलाय."

ती मागच्या खोलीत गेली आणि बसली. केल्विन दारात उभा राहिला, पण पुढे आला नाही. ते पान कुठे असतं हे तिला माहीत नव्हतं, तेवढं त्याने तुटकपणे सांगितलं. मग तिने दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत लिहिलं. वीस मिनिटं लागली. लिहिलं ते असं:

"मी केल्विनची बहीण. आवाज गेला नव्हता, मी खोटं बोलले. त्याची बायको वारली आणि तो घराबाहेर पडेना, म्हणून मी दर बुधवारी काहीतरी बिघडलं म्हणायची आणि त्याला जेवू घालायची. त्याला यातलं काही माहीत नव्हतं. त्याने तक्रार खरी समजून लिहिली. तुमचे रविवार वाया घालवले, त्याबद्दल माफ करा. रागवायचं तर माझ्यावर रागवा. नोएलीन."

"पाठवू?"

केल्विनने वाचलं. "'वारली' लिहिलंस," तो म्हणाला. कोरल गेल्यापासून हा शब्द त्याच्यासमोर कुणी काढला नव्हता. सगळे "ते झालं तेव्हा" म्हणायचे, नाहीतर विषय बदलायचे.

"खोडू?"

"नको, असू दे. पाठव."

तिने पाठवलं. वाटलं, आता तरी तो बसेल, ताट घेईल. पण तो स्वयंपाकघरात येऊन कोटाची बटणं लावू लागला.

"जेवून जा रे. मटण तुझ्यासाठीच आहे."

"दर बुधवारी माझ्यासाठीच असतं." तो दारापर्यंत गेला आणि वळला. आवाज चढवला नव्हता, पण डेस खुर्चीतून अर्धा उठला. "एक विचारू, नोल? एवढ्या थापा मारल्यास. मर्व्हला पकडलंस, ऱ्होंडाला पकडलंस, चिठ्ठ्या काय लिहिल्यास, पोर्तुगालपर्यंत वरात नेलीस. चार गल्ल्या आहेत मधे. चारच. कोरलला पुरलं त्या दिवसापासून तू माझ्या घरी एकदा तरी आलीस का?"

नोएलीनला कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. नाही, ती गेली नव्हती. गुडघे दुखतात, पाऊस आहे, त्याला एकटं राहायचं असेल, अशी शंभर कारणं तिने स्वतःला दिली होती, आणि तीही त्या गेलेल्या आवाजासारखीच खोटी होती. चाळीस वर्षं ती त्या घरात मागच्या दाराने, हाक न मारता शिरायची. कोरल तिची वहिनी कमी आणि मैत्रीण जास्त होती. त्या रस्त्याने जायची वेळ आली की ती गाडी लांबून फिरवून न्यायची.

"मला भीती वाटत होती," ती म्हणाली.

"कशाची?"

"ती तिथे नसेल याची."

केल्विनने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, हे तिला कळलं नाही. "मला रोजच दिसतं ते," तो म्हणाला.

नोएलीनने डोळे पुसले, ओव्हन उघडला आणि मटणाचं भांडं फडक्यात धरून बाहेर काढलं. "डेस, गाडी काढ."

"कुठे जायचंय?" डेसने विचारलं. मग दोघांची तोंडं बघितली आणि निमूट किल्ली उचलली. एवढं शहाणपण त्याने आयुष्यात पहिल्यांदाच दाखवलं असेल.

"घरात फार पसारा आहे," केल्विन म्हणाला. "बसायला जागा नाही. सगळ्या खुर्च्यांवर लोकांनी टाकलेले कॉम्प्युटर ठेवलेत."

"डेस उभा राहून जेवेल."

"मी का?" डेस म्हणाला, पण तोवर बटाट्यांचं भांडं त्याच्या हातात आलं होतं.

गाडीत मांडीवरचं गरम भांडं नोएलीनला फडक्यातून चटकत होतं, तरी तिने ते घट्ट धरून ठेवलं. केल्विनने मागचं दार उघडलं आणि आत न जाता बाजूला झाला.

"पायाखाली बघत ये," तो म्हणाला. "तिचे बागेतले बूट आहेत तिथे. मी हलवले नाहीत."

होते खरे. हिरवे रबरी बूट, एक उभा आणि एक आडवा, नळ्यांवर वाळून पांढरा झालेला चिखल. कुणीतरी फोन वाजला म्हणून घाईने काढून आत पळालं असावं तसे. नोएलीन उंबऱ्यावरच थांबली. भांडं हातात नसतं तर ती तिथूनच मागे फिरली असती. तिने बूट ओलांडले आणि स्वयंपाकघरात गेली. टेबलावर तारा, स्क्रू, बीन्सचे रिकामे डबे. एका कोपऱ्यात ताटाएवढी जागा मोकळी होती, तिथे तिने भांडं टेकवलं.

"ताटं कुठे ठेवतोस रे?" तिने विचारलं. त्या घरात चाळीस वर्षं जेवलेली बाई ती, डोळे बांधले असते तरी हात बरोबर त्या कपाटावर गेला असता. पण कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं.

"ती ठेवायची तिथेच," केल्विन म्हणाला, आणि खुर्चीवरचा कॉम्प्युटर उचलून जमिनीवर ठेवला.